पणजोबांच्या नावावरचं घर: वंशावळ, वारस नोंद आणि माळवद

ऑक्टोबर २०२२ मधल्या परतीच्या पावसात आमच्या गावाकडच्या घराची पश्चिमेची भिंत बसली. घर बंद असायचं, त्यामुळं कुणाला काही झालं नाही. थोरल्या काकीनं सकाळी फोन केला आणि म्हणाली, "अण्णांना लगेच सांगू नको. आधी तू येऊन बघ." अण्णा म्हणजे माझे वडील.

तिथपासून घर पुन्हा उभं राहीपर्यंत मला वीस महिने लागले. गावाकडं असं एखादं घर असेल, त्याचा उतारा अजून पणजोबांच्या नावावर असेल आणि वारस चार राज्यांत पांगलेले असतील, तर पुढचं सगळं कामाला येईल म्हणून सविस्तर लिहिते आहे. घरच्यांना शब्द दिलाय, त्यामुळं नावं घालत नाही.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली हजारो माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. मूस, भट्टी आणि तेजाब यांवर जुनं सोनं आटवून शुद्ध करून देण्याचं हे काम. आजोबा १९५८ साली कोईमतूरला गेले. अण्णांचं शिक्षण तिथलंच, माझी शाळाही तिथलीच. घरात मराठी, दारात तमिळ. गावाशी नातं म्हणजे चैत्रातली यात्रा, त्या चार दिवसांत उघडणारं ते घर आणि माजघरातला थंडावा.

डिसेंबरात ग्रामपंचायतीची नोटीस आली. पडकी भिंत रस्त्याकडंला आहे, धोकादायक भाग उतरवून घ्या. नोटीस निघाली ती पणजोबांच्या नावानं, आणि पणजोबा १९७४ साली गेलेले. घराचा नमुना ८ चा उतारा काढला तर मालकाच्या रकान्यात त्यांचंच नाव, भोगवटादारात "स्वतः".

इथं मला पहिला धडा मिळाला. गावाची काळी वेगळी आणि पांढरी वेगळी. काळी म्हणजे शेतजमीन, तिला सातबारा असतो. पांढरी म्हणजे गावठाण, तिथल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद, मालकीचा पुरावा म्हणून तो पुरत नाही. मालकीसाठी मिळकत पत्रिका लागते. बऱ्याच गावठाणांची मोजणीच झालेली नव्हती. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली आणि ड्रोननं गावठाणं मोजायला लागले, तेव्हा कुठं या पत्रिका तयार होऊ लागल्या. आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर वारस वेळच्या वेळी लागलेले होते, कारण सोसायटीचं कर्ज काढायला तो कागद लागायचा. घराचा कागद कधी कुणाला लागलाच नाही, म्हणून तो तसाच पडून राहिला.

एप्रिल २०२३ च्या यात्रेत सगळे जमले तेव्हा ओसरीवर बैठक बसली. घरातल्या तात्यांचं म्हणणं, घर पाडून टाकू आणि जागा वाटून घेऊ. मला घर राखायचं होतं. अण्णा गप्प होते. शेवटी एवढंच ठरलं की पाडायचं असो की बांधायचं, आधी वारस किती ते कागदावर येऊ दे. ते काम मी अंगावर घेतलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला पणजोबांच्या वडिलांचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

सुरुवात काकीपासून केली, आणि हेच सगळ्यांना सांगेन. घरात लग्न करून आलेल्या सगळ्यात वयस्क बाईपाशी आधी बसा. पुरुषांना जमिनीचे वाटे आठवतात, बायकांना बाळंतपणं. काकीकडं साल नसायचं, खूण असायची. "तुझी चुलतआत्या जळिताच्या साली," म्हणजे १९४८. "भूकंपाच्या थंडीत मी सासरी आले," म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. पश्चिमेच्या भिंतीला पहिली चीर त्याच पहाटे पडल्याचं तिनं सांगितलं. "बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या काकाचा धाकटा." दोन दुपारींत तीन पिढ्या कागदावर आल्या. मी फोनवर ध्वनिमुद्रण केलं आणि वहीतही उतरवलं. नुसत्या मुद्रणावर विसंबू नका, मागं म्हैस हंबरली की नाव हरवतं.

काकीच म्हणाली, "त्याच्या मागचं हेळव्याला विचार."

हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी राखणारी फिरती माणसं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि खाली उत्तर कर्नाटकात त्यांचे यजमान गावोगाव वाटलेले असतात. पूर्वी बैलावर यायचे. दारात उभं राहून मूळ गाव, कुळदैवत आणि पिढ्यांची नावं एका दमात म्हणायची, नवी जन्मलेली नावं लिहून घ्यायची, धान्य-कपडा घेऊन पुढच्या दारी जायचं, असा त्यांचा रिवाज. दोन-चार वर्षांनी एक फेरी. काकीच्या मुलाकडं आमच्या हेळव्याचा नंबर होता. मे महिन्यात तो मोटारसायकलवर आला. तिशीतला मुलगा, वडिलांकडून वह्या घेतलेल्या. वही तेलकट कापडात गुंडाळलेली. आमच्या घराची जुनी पानं मोडीत होती. ती तो वाचत नव्हता, त्याला ती पाठ होती.

अकरा पिढ्या त्यानं म्हटल्या. मूळ गाव कुठलं, कुठून उठून इथं आलो, कोण निपुत्रिक गेला, कोण दत्तक आला. अण्णा उभे राहून ऐकत होते, डोक्याला टोपी घालून. कोईमतूरमध्ये जन्म काढलेला माणूस आपल्या अकराव्या आजोबाचं नाव सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा ऐकत होता.

सगळं ऐकून झाल्यावर मी विचारलं, "यात बायका कुठं आहेत?" तो म्हणाला, "ताई, आमच्याकडं वाडवडलांनी लिहिलंय तसंच. लेकी सासरच्या वहीत." पण सासरच्या पानावरही सुनेचं नाव क्वचितच होतं. बिदागी म्हणून अण्णांनी अकराशे रुपये, धोतरजोडी आणि पायलीभर ज्वारी दिली. वहीच्या पानांचे फोटो काढायची परवानगी आधी मागा आणि नाही म्हणाला तर आग्रह धरू नका. ती वही त्याची भाकरी आहे. आमच्या हेळव्यानं आमच्या घराच्या चार पानांचे काढू दिले.

हेळव्याची वही सरकारी कामात पुरावा म्हणून चालत नाही, पण दिशा देते. वारस नोंदीला पणजोबांपासून खाली एवढीच वंशावळ पुरेशी होती. त्यासाठी प्रत्येक मयत माणसाचा मृत्यू दाखला, हयात माणसाचं आधार आणि नात्याचा एखादा पुरावा लागला. पणजोबांना तीन मुलगे, दोन मुली. त्यांची मुलं-नातवंडं धरून हयात वारस सत्तावीस निघाले. कोईमतूर, त्रिशूर, लखनौ, पुणे, मुंबई आणि गाव.

जून ते सप्टेंबर २०२३ हे चार महिने नावांच्या घोळात गेले. तमिळनाडूत आडनाव लावायची पद्धत नाही. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर पुढं लावायचं आणि मग आपलं नाव. अण्णांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावच नव्हतं. माझ्याही नव्हतं. त्यात माझं लग्नानंतरचं नाव तिसरंच. म्हणजे एकाच बाईचे तीन कागद, आणि त्यांतल्या कुठल्याच दोनांचा मेळ नाही. उपाय असा निघाला: "वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत" असं प्रतिज्ञापत्र, सोबत विवाह नोंदणीचा दाखला आणि जुनी शिधापत्रिका. तेव्हा शंभराच्या स्टॅम्पवर ते होत होतं. सत्तावीसपैकी अकरा जणांसाठी करावं लागलं. टायपिंग आणि नोटरी धरून एकेकाला साधारण सहाशे रुपये पडले.

एका चुलतआजोबांचा मृत्यू कुठंच नोंदलेला नव्हता. वर्ष उलटून गेलेला मृत्यू नोंदवायला आधी नोंद नसल्याचा अनुपलब्धता दाखला घ्यावा लागतो, मग दंडाधिकाऱ्याचा आदेश. आम्ही अर्ज तयार करत होतो तेवढ्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला आणि हे काम न्यायालयाकडून महसुली दंडाधिकाऱ्यांकडं आलं. आधीच्या नमुन्यातला अर्ज परत आला, नवा लिहिला. दोन महिने वाढले.

आता खरं म्हणजे पणजोबांच्या मागं जायची कागदोपत्री गरज नव्हती. पण मला एक गोष्ट खात होती. हेळव्यानं खापरपणजोबांचं नाव म्हटलं, त्यांचा मुलगा म्हणून पणजोबांचं म्हटलं आणि मध्येच म्हणाला, "घर बसलं होतं, मग उठलं." घर बसणं म्हणजे वंश थांबायच्या बेतात येणं. कसं उठलं ते त्याला माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात मी पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीच्या वर्गाला बसले होते. १९१० साली स्थापन झालेली ही संस्था, सदाशिव पेठेत. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. वेलांटी सगळीकडं दीर्घ, उकार सगळीकडं ऱ्हस्व. पहिले पंधरा दिवस मला एक ओळ वाचायला अर्धा तास लागायचा. नंतर ठरावीक शब्द चित्रासारखे ओळखू यायला लागले: "मौजे", "मयत", "वारस", "सदर". महसुली कागद वाचायला एवढी शिदोरी पुष्कळ होते. पेशवाईतली पत्रं वाचायची असतील तर वर्षानुवर्षं बसावं लागेल.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तालुक्याच्या अभिलेख कक्षात गेले तेव्हा व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणबी नोंदी शोधण्याचं काम महाराष्ट्रभर चाललं होतं, जुने गठ्ठे स्कॅनिंगसाठी काढले होते आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना श्वास घ्यायला उसंत नव्हती. माझा अर्ज त्या रांगेतला एक. कारकून भाऊसाहेबांनी स्वच्छ सांगितलं, "ताई, जानेवारीत या." मी जानेवारीतच गेले. त्या गर्दीचा एक फायदा झाला. वर्षानुवर्षं न उघडलेले गठ्ठे आता गावनिहाय लावून ठेवलेले होते.

दोन गोष्टी माहीत असतील तर तुमचे हेलपाटे वाचतील. एक, सांगली जिल्हा जुना नाही. १ ऑगस्ट १९४९ ला 'दक्षिण सातारा' म्हणून तो झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. खानापूर, तासगावसारखे तालुके त्याआधी सातारा जिल्ह्यात होते. त्यामुळं जुन्या कागदावर 'जिल्हा सातारा' दिसलं तर चुकीचा कागद म्हणून बाजूला ठेवू नका. आणि ज्यांची गावं संस्थानांत होती, त्यांनी आधी संस्थान कुठलं ते शोधावं. या भागात औंध, जत, सांगली, मिरज अशी संस्थानं एकमेकांत गुंतलेली होती. दुसरी गोष्ट सालाची. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, शकात ७८. मी हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले होते.

मागितलं काय, तर गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या बदलांचे कागद.

कोतवाल बुकाचं पान पिवळं पडून कडांना चुरा झालेलं होतं. बोरूची शाई तपकिरी झालेली. मी १९१० पासून सुरुवात केली, ओळीनं पुढं आले आणि १९१८ च्या ऑक्टोबरात थांबले. एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू लिहिणाऱ्या त्या वहीत त्या महिन्याची नावं तीन पानं भरून होती. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: ताप. ती इन्फ्लुएंझाची साथ. त्या तीन पानांत आमचं घर तीनदा आलं. आधी थोरला मुलगा, वय नऊ. चार दिवसांनी त्याची आई. आणखी पाच दिवसांनी खापरपणजोबा, वय चौतीस. मी बोट तिथंच ठेवून बसले. शेजारी एक गृहस्थ आपली नोंद शोधत होते, त्यांनी न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

पणजोबा तेव्हा सात वर्षांचे. त्यांना कुणी वाढवलं?

उत्तर फेरफारात मिळालं. १९१९ चा, मोडीतलाच. खातेदार मयत, वारस मुलगा अज्ञान, आणि त्याच्यापुढं "अ. पा. क. आत्या" आणि तिचं नाव. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन वारसाचा पालक. जुन्या सातबाऱ्यावरही हे दिसतं, तसंच "ए. कु. मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. अशी अक्षरं आडनावाचा भाग समजून सोडून देऊ नका, घराची हकिगत त्यांतच असते. फेरफाराच्या तपशिलात दोन ओळी होत्या: सदर बाई विधवा असून माहेरी राहते, मुलाचा व जमिनीचा सांभाळ करते. खाली साक्षीदारांच्या सह्या आणि तिच्या नावापुढं अंगठा.

हेळव्याच्या अकरा पिढ्यांत ती नव्हती. काकीच्या आठवणीत नव्हती. कोतवाल बुकात पुढं १९४१ साली तिचा मृत्यू सापडला, कारण 'वृद्धापकाळ'. पुण्यातल्या एका मोडी वाचकाकडून दोन्ही कागदांचं प्रमाणित लिप्यंतर करून घेतलं. पानाला तीनशे रुपये घेतले. मी स्वतः वाचलं होतं तरी एक शब्द चुकले होते. मी "नांदते" वाचलं होतं, तिथं "राहते" होतं.

मी गावी फोन करून काकीला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माजघरात तांब्याचा हंडा आहे बघ, त्याला आपल्यात आत्याचा हंडा म्हणतात. मला वाटायचं, तुझ्या आजोबांच्या बहिणीचा."

पुढच्या खेपेला आम्ही दोघींनी तो चिंच-मीठ लावून घासला. गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं आहेत, मोडी. मी लहानपणी त्यांना नक्षी समजत होते. पहिली दोन अक्षरं शाबूत आहेत, पुढची शंभर वर्षांच्या घासण्यात गेली. ती दोन अक्षरं फेरफारातल्या नावाचीच आहेत.

२ फेब्रुवारी २०२४ ला वारस नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मृत्यू दाखले, सत्तावीस जणांची आधारं, पोलीस पाटलांचा दाखला आणि घरपट्टी भरल्याची पावती. घरपट्टी आधी भरून ठेवा, थकबाकी असली की अर्ज पुढं सरकत नाही. आमची नऊ वर्षांची होती, साडेसहा हजार. ग्रामपंचायतीनं हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लावली. चौदाव्या दिवशी घरातल्याच एकानं हरकत घेतली. त्याचा रोख असा होता की सासरी गेलेल्या आत्यांची नावं कशाला, त्यांच्याकडून आधी हक्कसोड घ्या. तसं सांगणारे बाहेरचेही बरेच भेटले.

मी ते मान्य केलं नाही. पणजोबा १९७४ साली गेले, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार त्यांच्या मुली वारस आहेतच. २००५ च्या दुरुस्तीनं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानं तर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क आहे हे पक्कं झालं. वारस नोंद म्हणजे वाटप नव्हे, कोण कोण आहे एवढंच ती सांगते. हक्क सोडायचा की नाही ते ज्याचं त्यानं नंतर ठरवावं, नोंदीच्या अर्जाला ते बांधू नये. अण्णांनी तो १९१९ चा फेरफार लिप्यंतरासकट हरकत घेणाऱ्याच्या घरी नेला आणि वाचून दाखवला. मी सोबत नव्हते. काय बोलणं झालं ते अण्णांनी सांगितलं नाही, पण तिसऱ्या दिवशी हरकत मागं घेतल्याचा अर्ज आला. मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या मासिक सभेत ठराव झाला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळी यंत्रणा निवडणुकीच्या कामात गुंतली. आठवडा उशीर झाला असता तर आमचा पावसाळा गेला असता.

दुरुस्तीसाठी सगळ्यांचं वेगळं संमतीपत्र घेतलं: घर पाडायचं नाही, खर्च कोण किती देतं, आणि खर्च दिला म्हणून कुणाचा हिस्सा वाढत नाही. हे शेवटचं वाक्य घालायला विसरू नका. त्या वाक्यावर तात्यांनी सही केली आणि लाखभर रुपयेही दिले.

आता माळवदाबद्दल. आमच्याकडं पाऊस कमी, म्हणून कौलं नाहीत. जुन्या घरांना सपाट मातीचं छत, तेच माळवद, कुणी धाबं म्हणतात. दगडी जोतं, त्यावर दीड-दोन हात जाडीची पांढऱ्या मातीची भिंत. खांबावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या म्हणजे लहान वासे, कड्यांवर किलचणं म्हणजे लाकडाच्या बारीक फळ्या दाटीनं मांडलेल्या, आणि त्यावर माती. उजेडाला छतात सवणं, म्हणजे झरोके. मिस्त्री शोधायला महिना लागला. पत्र्याची आणि स्लॅबची कामं करणारे खूप, माळवद जाणणारा पंचक्रोशीत एकच उरलाय, सत्तरीच्या पुढचा. त्यानं घराभोवती एक फेरी मारली, भिंतीला नख लावलं, वर चढला आणि खाली येऊन म्हणाला, "भिंत पावसानं न्हाई पडली. सिमिटानं पडली."

१९९० च्या सुमारास कुणीतरी गळती थांबावी म्हणून माळवदावर सिमेंटचा कोबा केला होता आणि बाहेरून भिंतीला सिमेंटचा गिलावा. कोब्याला बारीक चिरा पडल्या, त्यांतून पाणी आत गेलं आणि सुकायला वाटच उरली नाही. मातीची भिंत ओली राहिली, तुळईची भिंतीतली टोकं कुजली. शिवाय दर उन्हाळ्यात जुन्या मातीवर नवी माती टाकत गेल्यानं थर वाढला होता. उकरला तेव्हा बावीस इंच भरला. एवढं ओझं कुजक्या टोकांवर. भूकंपाची चीर होतीच.

एप्रिलभर उतरवण्याचं काम चाललं. भिंतीची माती फेकली नाही, चाळून पुन्हा वापरली. नव्या मातीला त्या चिकटपणाची सर नाही असं मिस्त्री म्हणाला. गव्हाचं काड घालून चिखल आठ दिवस कुजवत ठेवला आणि रोज तुडवला. सात तुळयांपैकी दोन बदलाव्या लागल्या. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान विकणाऱ्याकडून त्या आणल्या. किलचणांवर कडुलिंबाचा पाला, त्यावर चिखल, त्यावर पांढरी माती, आणि सगळ्यात वर चोपणातली खारी माती, पन्हळीकडं उतार देऊन. ती खारी माती गावाच्या ओढ्याकाठची. ती ओली झाली की घट्ट बसते आणि पाणी आत शिरू देत नाही.

भिंत उतरवताना एक बळद उघडं पडलं. धान्य साठवायची भिंतीतली पोकळी, तोंड कधीतरी लिंपून बंद केलेलं. आत मूठभर काळी पडलेली ज्वारी, एक मापाचा शेर आणि मुलाच्या पायातला एक वाळा. वाळ्याचा आकार माझ्या दोन बोटांएवढा. कुणाचा ते कळायला मार्ग नाही. काकीनं तो देवघरात ठेवलाय.

खर्च लिहिते, कारण मला सुरुवातीला कुणीच आकडा सांगत नव्हतं. भिंत एक लाख दहा हजार, माळवद मजुरीसह दोन लाख पस्तीस हजार, लाकूड बासष्ट हजार. एकूण चार लाख सात हजार. कागदपत्रांना प्रवास सोडून सुमारे एकवीस हजार. तेवढ्या जागेवर स्लॅब टाकायला मिळालेला अंदाज याच्या दुपटीहून जास्त होता. मात्र माळवदाला दर उन्हाळ्यात माणूस लागतो: जुनी फुटलेली माती खरवडायची, तेवढीच नवी टाकायची, पन्हळ साफ करायची. हे करायला घरातलं कुणी तयार नसेल तर माळवदाच्या भानगडीत पडू नका.

काम चालू असताना संध्याकाळी मी गावात फिरून जुन्या वास्तू वहीत टिपल्या. मारुतीच्या पाराला टेकून ठेवलेले तीन वीरगळ, पडकी वेस, बुजत आलेली बारव. काकीच्या लहानपणी निम्मं गाव माळवदाचं होतं. मी मोजली तर नऊ राहिलीत, त्यांतली चार बंद. गलाईच्या पैशातून बांधलेले मोठे संगमरवरी बंगलेही यात्रेपुरतेच उघडतात. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून काही तरुण परतले आहेत, द्राक्ष-डाळिंबाच्या बागा करताहेत. त्यांच्यापैकी दोघांनी आमचं काम बघून आपापलं माळवद मिस्त्रीला दाखवलं. मिस्त्रीच्या हाताखाली त्याचा नातू काम करत होता, ही मला सगळ्यात मोठी दिलाशाची गोष्ट वाटते.

८ जूनच्या रात्री पहिला मोठा पाऊस झाला. अण्णा, मी आणि काकी मुद्दाम जुन्या घरात झोपलो होतो. मी दोनदा उठून टॉर्च मारली. सवण्याच्या कडेला एक ओल दिसली, बाकी कोरडं. ती ओल मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी बोटभर मातीनं बंद केली. मिळकत पत्रिकेचं काम अजून बाकी आहे. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली आहे, पत्रिकेवर सत्तावीस नावं यायची आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही हेळव्याला पुन्हा बोलावलं. त्यानं नवी जन्मलेली चार मुलं लिहून घेतली, त्यांत दोन मुली. मग अण्णांनी फेरफाराची प्रत पुढं केली आणि आत्याचं नाव लिहायला सांगितलं. तो थांबला. "धनी, हिला कुणाच्या खाली घेऊ? पोटी कोण लिहू?"

अण्णा म्हणाले, "भावाच्या शेजारी घे. आणि खालून रेघ ओढून माझ्या आजोबांना जोड."

त्यानं तशी रेघ ओढली. ती सरळ आली नाही, मधल्या दोन नावांना वळसा घालून गेली. मग उंबऱ्याशी उभं राहून रिवाजाप्रमाणं मूळ गावापासून त्यानं सगळं म्हटलं, आणि तिच्या नावापाशी आला तेव्हा पाठ नसल्यामुळं वहीत बघून, अडखळत म्हटलं. अण्णांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.